गाण्याची साक्ष

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी कचेरीत येऊन बसलो होतो. धर्मग्रामातील एक बाई भेटावयास आल्या. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. अभ्यासात बरा, व्यसन नाही, घरात कुणाला उलट उत्तर देत नाही. तरीही आईच्या जिवाला घोर लागला होता. 'फादर, दिवसभर त्याच्या कानात ते इयरफोन. मी एकदा कानाला लावून पाहिलं. नुसतं किंचाळणं आणि पत्रे बडवल्यासारखा आवाज. असलं ज्याला आवडतं, त्याचं मन कसं असेल हो?'

'तुम्ही त्याला विचारलंत का, त्यात काय आवडतं म्हणून?' मी म्हणालो.

'विचारायचं काय? ऐकू आलं ना मला.'

बाई गेल्या. प्रश्न मात्र खोलीतच राहिला. वरवर पाहता तो एका आईचा साधा प्रश्न. पण त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. माणसाची आवड आणि त्याचा स्वभाव यांचा संबंध काय, हा पहिला, तो मानसशास्त्राचा. आणि असा काही संबंध असलाच, तर त्याच्या आधारे समोरच्या माणसाविषयी निकाल देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय, हा दुसरा, तो नीतिशास्त्राचा. आपण बहुधा पहिल्याचे उत्तर गृहीत धरतो आणि दुसरा विचारीतच नाही.

तरुणांच्या गाण्याची धास्ती काही आजची नव्हे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस आदर्श नगरराज्यातील संगीताची अक्षरशः झडती घेतो. ग्रीकांच्या संगीतात निरनिराळे स्वरमेळ होते. आपल्या थाटांची आठवण व्हावी असे. त्यांतले शोकाचे स्वरमेळ नकोत. मद्यपानाच्या मैफलीत शोभणारे मवाळ आयोनियन व लिडियनही नकोत. रणांगणावर धीर देणारा डोरियन आणि शांत, संयमी मनाला साजेसा फ्रिजियन, एवढे दोनच राहू द्यावेत. औलोस नावाचे फुंकवाद्य तर थेट हद्दपार. कारण लय आणि स्वर आत्म्याच्या गाभ्यापर्यंत उतरतात व तेथे ठाण मांडतात, असे त्याचे म्हणणे. गुरूच्या या यादीवर पुढे ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात बोट ठेवले. औलोस नाकारला तर फ्रिजियन कसा ठेवला? वाद्यांत जे औलोसचे काम, तेच स्वरमेळांत फ्रिजियनचे. दोन्ही मनाला उन्मादच देतात. म्हणजे एकच स्वरमेळ, त्याने मन शांत होते की पेटते, यावर त्या दोन महापंडितांचेही एकमत झाले नाही. मग तुमचे-माझे कसे व्हावे?

संत ऑगस्टीन यांची गोष्ट निराळी. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात त्यांनी आपल्या कानांना होणाऱ्या सुखाविषयी लिहिले आहे. चर्चमधील गायनाने आपले अंतःकरण भक्तीने द्रवते, हे ते मान्य करतात. पण गायिल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावलो, तर तो अपराध, असेही कबूल करतात. कधी वाटते, सारे सूर बंद करावेत. कधी वाटते, ही फार कठोरता झाली. त्यांचे मन असे हिंदकळत राहते. ती पाने मी सेमिनरीत असताना प्रथम वाचली आणि तेव्हा मला ती थोडी अतिरेकी वाटली. आज मला त्यांत एक गोष्ट दिसते, जी तेव्हा दिसली नव्हती. ऑगस्टीन स्वतःच्या कानांची झडती घेतात, शेजाऱ्याच्या नव्हे.

आपल्या देशातही हा खटला एकदा फार मोठ्या प्रमाणावर चालला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ विद्वान, शास्त्रीय संगीताचे मनापासून चाहते. चित्रपटगीतांनी तरुण पिढीची अभिरुची बिघडते आहे, अशी त्यांची खात्री होती, आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? देशभरातील श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. त्याच वर्षअखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी घराघरांत पोहोचले. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करून त्या गीतांना घरात घ्यावे लागले. यातला खरा विनोद असा की १९५२ हेच 'बैजू बावरा' या चित्रपटाचे साल. नौशाद यांनी रागदारीवर बांधलेली गाणी, आणि त्यांत उस्ताद अमीर खाँ व पंडित द. वि. पलुस्कर यांचे गायन! ज्या गाण्यांनी तरुण बिघडतील असे तेव्हा वाटले, ती ऐकत वाढलेली मंडळी आज आजी-आजोबा आहेत, आणि 'आमच्या वेळची गाणी कशी अर्थपूर्ण होती' असे नातवंडांना सांगत आहेत. केसकरांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. संगीतावर त्यांचे प्रेम होते. पण ऐकणाऱ्यावर विश्वास नव्हता.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे शास्त्राकडे वळू. आवडीवरून स्वभाव ओळखता येतो काय, याचा पद्धतशीर शोध गेली सत्तर वर्षे चालू आहे. १९५० च्या दशकात रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने संगीताचे तुकडे ऐकवून माणसाच्या अबोध मनाचा ठाव घेणारी चाचणी तयार केली होती. पण या विषयाला खरी गती आली ती २००३ मध्ये. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युएल गॉसलिंग या दोघांनी साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या, आवडी तपासल्या. त्यांना आवडींचे चार गट आढळले. जॅझ, ब्लूज, पाश्चात्त्य अभिजात व लोकसंगीत यांचा चिंतनशील गट. रॉक आणि हेवी मेटलचा तीव्र व बंडखोर गट. पॉप, कंट्री, चित्रपटसंगीत अशांचा प्रसन्न व रूढ गट. आणि रॅप, सोल, नृत्यसंगीत यांचा चैतन्यमय, तालप्रधान गट. मग या आवडी त्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या पाच सर्वमान्य अंगांशी ताडून पाहिल्या: नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता.

येथे त्या बाईंच्या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर मिळते. तीव्र आणि बंडखोर संगीत आवडणाऱ्यांत भावनिक अस्थिरता किंवा असौजन्य अधिक असल्याचे आढळले नाही. आढळला तो खुलेपणा, नव्याची ओढ. उलट, वाचकहो, आपण ज्याला धार्मिक संगीत म्हणतो ते तिसऱ्या गटात, पॉप आणि कंट्रीच्या पंक्तीला जाऊन बसले. तो गट आवडणारी माणसे मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष, पण नव्याविषयी जरा नाखूश निघाली. हे वाचून मी माझ्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाकडे एकदा निरखून पाहिले, आणि नंतर आरशात.

पुढे २००८ मध्ये एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातील एड्रियन नॉर्थ यांनी जगभरातील ३६,००० हून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष सांगितले. त्यांत सर्वांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही की अभिजात संगीताचे रसिक आणि हेवी मेटलचे चाहते स्वभावाने एकमेकांच्या पुष्कळच जवळ होते: दोघेही सर्जनशील, दोघेही काहीसे अंतर्मुख, मृदू. मुख्य फरक वयाचा आणि एका दुखऱ्या गोष्टीचा. मेटल ऐकणाऱ्यांना स्वतःविषयी वाटणारा आदर कमी होता. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आईला वाटते मुलगा उग्र झाला आहे. कदाचित तो स्वतःला कवडीमोल समजत असेल.

तथापि या संशोधनावरून नवे ठोकताळे बांधण्याची घाई करू नये. २०१७ मध्ये जर्मनीतील थॉमस शेफर व क्लाउडिया मेलहॉर्न यांनी तोवर झालेल्या अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. स्वभाव आणि संगीताची आवड यांतील संबंध बहुतेक ठिकाणी शून्याच्या आसपास निघाला. जरा डोके वर काढले ते केवळ खुलेपणाने, तेही काही थोड्या संगीतप्रकारांच्या बाबतीत. संख्याशास्त्रात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध. येथे आकडे एक दशांशाच्या आगेमागे. ज्यांनी गणित सोडून बराच काळ लोटला आहे त्यांच्यासाठी सांगतो: एक दशांश संबंध म्हणजे माणसामाणसांतील आवडीच्या फरकापैकी शंभरात एक भाग स्वभावाच्या त्या अंगाने उलगडतो, नव्व्याण्णव भाग अंधारातच राहतात. त्या नव्व्याण्णवांत काय असेल? थोरल्या भावाने आणलेली कॅसेट. ज्या मित्राबरोबर बसने जायचे त्याची आवड. एखादी सुटी, एखादे प्रेम, एखादे मरण. ज्या गावात जन्म झाला त्या गावातले लग्नाचे वाजप.

यानंतर मोठ्या संख्येने केलेले अभ्यासही झाले आहेत. २०२२ मध्ये तर पन्नासांहून अधिक देशांतील साडेतीन लाखांवर लोकांचा. त्यांतही स्वभाव आणि आवड यांचे धागे सापडतात, आणि अनेक देशांत ते एकाच दिशेने जातात. ते खोटे आहेत असे कुणी म्हणू नये. पण असा धागा हजारोंच्या गर्दीत दिसतो. एका माणसाला बांधायला तो पुरत नाही. जुलैत कोकणात पाऊस पडतो, हे सत्य आहे. म्हणून अमुक तारखेला अमुक अंगण भिजले होते, असा पुरावा कोर्टात कुणी देत नाही.

आणि तरीही एकदा तसा पुरावा कोर्टात देण्यात आला.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस नावाचे गाव आहे. ५ मे १९९३ रोजी तेथील आठ वर्षांची तीन मुले नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी जवळच्या झाडीतील ओहोळात त्यांचे मृतदेह सापडले. कोणत्याही गावाचे काळीज फाटावे अशी ती घटना. गावाला उत्तर हवे होते, आणि ते लवकर हवे होते. महिनाभरात तीन तरुणांना अटक झाली: डेमियन एकोल्स, वय अठरा, जेसी मिसकेली, वय सतरा, जेसन बाल्डविन, वय सोळा. एकोल्स काळे कपडे घाली, जादूटोण्याविषयीची पुस्तके वाची आणि मेटॅलिका या वाद्यवृंदाची गाणी ऐके. मिसकेली बुद्धीने मंद. कित्येक तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाब दिला. त्यात घटनेच्या वेळेसारख्या साध्या गोष्टींतही चुका होत्या, आणि पुढे त्याने तो मागे घेतला.

१९९४ च्या आरंभी खटले चालले. मिसकेलीने दुसऱ्या दोघांविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला, त्यामुळे त्या दोघांच्या खटल्यात त्याचा जबाब पुरावा म्हणून आला नाही. उरले ते कपड्यांचे काही धागे, तळ्यात सापडलेला एक सुरा आणि काही ऐकीव साक्षी. ही पोकळी भरून काढण्यासाठी सरकारी पक्षाने ज्यूरीपुढे आणखी काही मांडले: एकोल्सने वहीत उतरवून घेतलेल्या गाण्यांच्या ओळी, बाल्डविनचे वाद्यवृंदांची चित्रे असलेले काळे टी-शर्ट, आणि असा पेहराव हे सैतानपूजेचे लक्षण असू शकते असे सांगणारा एक 'तज्ज्ञ'. एकोल्सला देहान्ताची शिक्षा झाली, इतर दोघांना जन्मठेप. केवळ गाण्यांमुळे ही शिक्षा झाली, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. पण गाणी काढून घेतली असती तर ज्यूरीच्या मनातले चित्र पूर्ण झाले असते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. टी-शर्टने हेतू पुरविला. 'हे असे का करतील?' याला 'ते तसलेच आहेत' हे उत्तर मिळाले.

१९९६ मध्ये या खटल्यावर 'पॅराडाइज लॉस्ट' हा माहितीपट आला आणि त्यासाठी मेटॅलिकाने आपले संगीत वापरू दिले. शंका वाढत गेल्या. पुढे डीएनए चाचण्या झाल्या. घटनास्थळी मिळालेल्या नमुन्यांत तिघांपैकी कुणाचाही अंश आढळला नाही. १९ ऑगस्ट २०११ रोजी तिघांची सुटका झाली, तीही एका चमत्कारिक तडजोडीने. आपण निरपराध आहोत असे म्हणत राहायचे, पण आपल्याला दोषी ठरविण्याइतका पुरावा सरकारकडे आहे हे मान्य करायचे. त्यामुळे कायद्याच्या कागदावर ते आजही दोषीच आहेत. अठरा वर्षे गेली. त्या तीन बालकांच्या घरांना खात्रीचे उत्तर अद्याप मिळालेले नाही, हे दुःख तर सगळ्यात मोठे. तसल्या मुलांकडे पाहण्यात वेळ गेला की खऱ्या वाटेकडे पाहणारे डोळे उरत नाहीत.

येथे विचार कोठे चुकला? मला वाटते, उग्र गाणे आवडणे आणि उग्र असणे यांत आपण फरक करीत नाही. हा फरक आपल्या देशात फार पूर्वी ओळखला गेला होता, आणि ज्यांनी महाविद्यालयात मराठी किंवा संस्कृत घेतले होते त्यांना तो आठवत असेल. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त आठ रस सांगितले आहेत. त्यांत शृंगार आणि हास्य आहेत, तसे रौद्र, भयानक आणि बीभत्सही आहेत. या रसांच्या मुळाशी जे स्थायी भाव, ते वासनारूपाने प्रत्येक सहृदयाच्या ठायी असतातच, असे पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी विवरण केले. क्रोध तुमच्यातही आहे, माझ्यातही आहे. रंगभूमीवर तो जागा होतो, पण तो 'माझा' क्रोध राहत नाही. त्याचे साधारणीकरण होते आणि त्याचा आस्वाद होतो. करुणरस आवडणारा माणूस रडका असतो, असे कुणी म्हणेल काय? मग रौद्ररस आवडणारा मुलगा खुनशी कसा? 'पॉलिटिक्स'मध्येच ॲरिस्टॉटल म्हणतो की उन्मादी सुरांनी काही माणसांचे मन मोकळे होऊन शांत होते. तोही वेगळे काही सांगत नाही.

याची एक छोटीशी परीक्षा २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात झाली. अतितीव्र मेटल संगीत नेहमी ऐकणाऱ्या एकोणचाळीस तरुणांना आपल्या आयुष्यातील संतापजनक प्रसंगांविषयी बोलावयास लावले, आणि ते पुरेसे तापल्यावर काहींना दहा मिनिटे आपले आवडते संगीत ऐकू दिले, तर काहींना शांत बसविले. ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. त्यांचे मन निवळले, आणि वर त्यांना उत्साहही वाटला. एकोणचाळीस ही संख्या लहानच, आणि ही सारी त्या संगीताला सरावलेली मुले. मला जर कुणी दहा मिनिटे ते ऐकविले, तर माझा राग निश्चित वाढेल. पण मुद्दा नेमका तोच आहे. मी माझ्या कानाने त्याचे मन ऐकू पाहतो.

एवढे सगळे लिहून मी तरुणांचा वकील झालो आहे, असे कुणाला वाटेल. म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नेदरलँड्समध्ये टॉम टेर बोख्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०९ मुलांचा बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मागोवा घेतला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाराव्या वर्षी ज्यांना गोंगाटी, बंडखोर संगीताची आवड होती, ती मुले सोळाव्या वर्षी दुकानातून वस्तू उचलणे, मोडतोड करणे अशा लहानसहान गुन्ह्यांत थोडी अधिक आढळली. हे निष्कर्ष लपविण्यात काय अर्थ? मात्र त्या संशोधकांचे स्पष्टीकरण विचार करण्याजोगे आहे. संगीत मुलाला बिघडवीत नाही. संगीत मुलाला मित्र मिळवून देते. जी मुले मुख्य प्रवाहातून बाहेर पडली आहेत, ती एका आवडीच्या झेंड्याखाली एकत्र येतात, आणि पुढचे सगळे त्या संगतीत घडते.

मग मला पुढचा प्रश्न पडतो, आणि तो त्या अहवालात नाही. ती मुले बाहेर पडतात की बाहेर काढली जातात? गाणे ऐकून ज्याच्या आईने, शिक्षकाने, धर्मगुरूने त्याच्याविषयी मत बनविले, तो मुलगा कोणाकडे जाईल? जेथे त्याचे गाणे चालते तेथेच ना? आपला निकालच मग कालांतराने खरा ठरतो, आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असे म्हणावयास आपण मोकळे.

याबाबतीत मला आर्कान्साला जाण्याची आवश्यकता नाही.

१९९८ साली मी नुकतीच गुरुदीक्षा घेतलेला सहायक धर्मगुरू होतो. किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामात माझी नेमणूक झाली होती. युवक मंडळ माझ्याकडे होते. त्यात एक मुलगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. खांद्यापर्यंत केस, सदा काळा टी-शर्ट, कमरेला वॉकमन. बोलणे कमी. गिटार मात्र छान वाजवी, आणि सरावासाठी चर्चची गिटार नेण्या-आणण्याकरिता कचेरीत त्याची ये-जा असे. मी एकदा सर्वांसमक्ष थट्टेने म्हणालो, 'अरे, तू हे काय भुताखेतांचं ऐकतोस?' सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक कॅसेट आणून दिली. 'फादर, एकदा ऐका, मग सांगा.' मी ती टेबलाच्या खणात टाकली.

त्याच डिसेंबरात नाताळाच्या कार्यक्रमासाठी मंडळाने वर्गणी जमविली होती. ती माझ्या कपाटात होती. हिशेब करावयास बसलो तर नऊशे रुपये कमी. मी कुणावर आरोप केला नाही. एवढेच केले की त्या मुलाला, इतर चौघे तेथे असताना, विचारले, 'परवा गिटार ठेवायला आलास, तेव्हा इथे किती वेळ होतास?' आणि कचेरीची जी किल्ली त्याच्याकडे असे, ती मागून घेतली. इतर चौघांपैकी दोघांची ये-जा त्याच्याइतकीच होती. त्यांना मी विचारले नाही. का विचारले नाही, याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे. ते दोघे गायकवृंदात होते आणि त्यांचे केस आखूड होते.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला काहीच नाही.

जानेवारीत लाऊडस्पीकरवाला उरलेली रक्कम मागावयास आला. त्याने पावती दाखविली. नऊशे रुपये आगाऊ. देणारा मी, सही माझी. घाईत वहीत लिहावयाचे राहून गेले होते. मी मंडळाच्या बैठकीत जाहीर केले की हिशेब जुळला आहे. 'हिशेब जुळला', एवढेच. त्या बैठकीला तो आला नव्हता. नंतर तो कधीच आला नाही. एक-दोनदा वाटले, त्याच्या घरी जावे. पण मग स्वतःला समजावले की मी त्याला चोर थोडेच म्हटले होते? पुढे माझी बदली झाली. तो जहाजावर नोकरीला लागला, असे कानावर आले.

गेल्या वर्षी पुन्हा बदलीच्या वेळी सामान आवरताना पुस्तकांच्या खोक्यात ती कॅसेट सापडली. खणातून खोक्यात, खोक्यातून खोक्यात, ती माझ्याबरोबर सहा धर्मग्राम हिंडली होती. वेष्टणाच्या आतल्या बाजूला त्याने प्रत्येक गाण्याचे नाव सुवाच्य मराठी अक्षरांत लिहिले होते, म्हणजे फादरना वाचावयास अडचण नको. तिसऱ्या आणि सातव्या गाण्यापुढे चांदणी काढली होती. आमच्या चर्चची देखभाल करणाऱ्या वयस्क गृहस्थांकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता. फीत दमट झाली होती, पण चालली. दार लावून मी ती ऐकली. मला ती आवडली नाही, हे खरे ते सांगितले पाहिजे. चांदणी केलेली दोन गाणी मी पुन्हा लावली. सातव्यात गिटारचा एक तुकडा आहे, तो मात्र ओळखीचा वाटला. सरावाच्या वेळी, सारे निघून गेल्यावर, तो तेच वाजवीत बसे.

त्याच्या धाकट्या बहिणीकडून मी त्याचा पत्ता मागून घेतला आहे. पत्र तीनदा लिहावयास घेतले. अजून पुरे झालेले नाही.